स्वयंपाकघरातील धूर आणि चिमणीची निवड

उसाचे पहिले बिल हाती आले, किंवा गोव्यात अथवा आखातात कामाला असलेल्या मुलाने पैसे पाठवले, की आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत दुरुस्तीचे काम निघते. त्यात सर्वांत आधी पालटते ते स्वयंपाकघर. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा होतो, कडप्प्याचा ओटा येतो, ओट्यामागे फरशा लागतात आणि अलीकडे गॅसच्या शेगडीवर विजेची चिमणीही दिसू लागली आहे. "फादर, बेळगावला जाणार आहोत, चिमणी कोणती घ्यावी?" असे मिस्सानंतर विचारणारे आता एकदोन राहिले नाहीत. म्हणून या वेळी खते-बियाणे बाजूला ठेवून याच विषयाचा विचार करू.

दुकानदार जी माहिती देतो ती यंत्राची असते. आपल्याला आधी घराची माहिती हवी. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही जातो तेव्हा पुढल्या खोलीपासून मागल्या दारापर्यंत पवित्र पाणी शिंपडत जावे लागते, आणि त्यामुळे इतर पाहुण्यांना न दिसणाऱ्या जागाही आमच्या नजरेस पडतात. पुढे ओट्यावर काचेची चिमणी लखलखत असते. मागच्या पडवीत मात्र मातीची चूल पहाटेपासून धुमसत असते. अंघोळीचे पाणी तिच्यावर, गुरांची पेज तिच्यावर, भाकऱ्या तिच्यावर, आणि सण आला की डुकराच्या मटणाचे मोठे पातेलेही तिच्यावरच. सिलिंडर महाग, म्हणून तो चहाला आणि घाईच्या फोडणीला. पडवीला खिडकी नसते; कौलांच्या फटींतून जाईल तेवढाच धूर बाहेर जातो. त्या धुरात सासूबाई बसलेल्या असतात आणि बहुधा त्यांच्या मांडीवर नातवंड असते. म्हणजे जेथे धूर सर्वांत कमी तेथे हजारो रुपयांचे यंत्र, आणि जेथे सर्वांत जास्त तेथे वीतभर भोकसुद्धा नाही.

तेव्हा चिमणी कोणती, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा, की तुमच्या घरात धूर नेमका कोठे होतो आणि त्यात बसते कोण?

धुराने डोळ्यांत पाणी येते, ठसका लागतो, एवढे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. खरा अपाय होतो तो न दिसणाऱ्या कणांनी. लाकूड, शेणी, उसाची चिपाडे जळताना जो धूर निघतो त्यातील अगदी बारीक कण मिलिमीटरच्या चारशेव्या भागाहूनही लहान असतात. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे वीस-तीस कण शेजारी शेजारी मावतील. नाकातील केस आणि घशातील ओल त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे दिवसभराच्या सरासरीत एक घनमीटर हवेत हे कण १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावेत. आपल्या सरकारने घातलेली मर्यादा ६० आहे. कोंदट खोलीत चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांत आणि पुष्कळदा हजारांत जातो. १९८० च्या सुमारास गुजरातमधील काही खेड्यांत किर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर छोटी यंत्रे लावून हा धूर मोजला. तोपर्यंत हवेचे प्रदूषण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे शहरातील कारखाने येत असत, चूल येत नसे.

याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. धुरात वाढणाऱ्या बाळाला न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. गर्भारपणी आई धुरात बसली तर बाळ कमी वजनाचे होऊ शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो. मोठ्यांच्या वाट्याला येतो तो बारमाही खोकला, धाप, हृदयाचा विकार, मोतीबिंदू. जन्मात विडीला हात न लावलेली बाई साठीच्या आत चर्चच्या चार पायऱ्या चढताना थांबते, आणि घरचे म्हणतात, वय झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या रक्षणाविषयी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक लिहिले. त्याच्या विसाव्या परिच्छेदात प्रदूषणाने होणाऱ्या आजारांची गोष्ट निघते तेव्हा मोटारी आणि कारखाने यांच्याही आधी त्यांनी स्वयंपाकाच्या व शेकण्याच्या जळणाचा धूर सांगितला आहे. रोममध्ये बसून त्यांना आपली पडवी दिसली, म्हणायची.

आता धूर वागतो कसा ते पाहू, म्हणजे चिमणीची निवड सोपी जाईल. आराधनेच्या वेळी वेदीसेवक धूपदाणीत धूप टाकतो तेव्हा पहिल्यांदा धूर दोरीसारखा सरळ वर चढतो. तो गरम असतो, म्हणून हलका असतो. माणसाच्या उंचीपलीकडे गेला की तो थंड होत पसरतो. आणि कोणी पंखा लावला असेल तर त्याचा वर जाण्याचा मार्गच मोडतो. मग सबंध चर्चभर धूर होऊन पुढच्या बाकावरची मंडळी खोकू लागतात. चुलीच्या धुराचेही हेच. तो गरम असतानाच, पसरण्यापूर्वी पकडावा लागतो. त्यासाठी चुलीच्या किंवा शेगडीच्या वर उलट्या नरसाळ्यासारखे जे छत्र धरतात त्याला हूड म्हणतात, आणि हूडमधून धूर घराबाहेर नेणारी नळी ती धुराडे. विजेच्या चिमणीत याच हूडमध्ये मोटार बसवून धूर ओढून घेतात. बाकीचे सर्व दिवे, बटणे, काच हा सजावटीचा भाग समजावा.

(पुनरुत्थानानंतर प्रभूने तिबिर्याच्या काठी शिष्यांसाठी निखाऱ्यावर मासळी भाजली, पण ती उघड्या किनाऱ्यावर. तेथे हूडची गरज नव्हती.)

गॅसच्या शेगडीवर

ज्यांचा सगळा स्वयंपाक खरोखरच गॅसवर होतो त्यांचा विचार प्रथम करू, कारण तो थोडक्यात आटोपतो. गॅसच्या ज्योतीत काजळी फार थोडी. तेथे त्रास होतो तो फोडणीच्या खकाण्याचा, तळणीच्या तेलकट वाफेचा आणि उकाड्याचा. तो अगदीच क्षुल्लक नव्हे. कडकडीत तापलेल्या तेलातून निघणारा धूर कर्करोगाला बहुधा कारण होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. तरीही खिडकी असलेल्या लहान घरात भिंतीत उंचावर बसवलेला नऊ इंची एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या बाजूने हवा यायला उघडे दार एवढ्याने पुष्कळ काम भागते. चिमणी घ्यायचीच असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

धूर बाहेर नेणारी नळी असलेलीच चिमणी घ्यावी. बिननळीची चिमणी धूर ओढते, कोळशाच्या जाळीतून गाळते आणि हवा पुन्हा खोलीतच सोडते. वास थोडा मरतो, पण उष्णता, वाफ आणि ज्वलनातून निघालेले वायू घरातच राहतात. शिवाय तो कोळसा काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि खेड्यात तो बदलणार कोण? भिंतीला भोक पाडायचे नाही एवढ्या एका सोयीसाठी अशी चिमणी घेणे आम्हांला पैसे फुकट घालवण्यासारखे वाटते.

चिमणीची ओढ ताशी किती घनमीटर हवा या मापात सांगतात. दुकानात १२००, १५०० असे आकडे ऐकवले जातात. आपला हिशेब आपण करावा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीत १२०० घनफूट हवा असते. घनमीटरात सांगायचे तर ३४. तासाला बारा वेळा ही हवा पालटायची म्हटले तर सुमारे ४०० घनमीटर झाले. आपल्याकडची फोडणी आणि तळण लक्षात घेऊन याच्या दुप्पट धरले तरी ८०० पुरे. पुढचा आकडा मोठा असला तर आवाजही मोठा असतो, आणि ज्या यंत्राचा आवाज सहन होत नाही ते बाई दुसऱ्या आठवड्यापासून लावायचेच सोडून देते.

शिवाय तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. नळी जोडली की ओढ कमी होते. नळी सहा इंची हवी. गवंड्याने चार इंची भोक ठेवले आहे म्हणून कारागीर नळी आवळून बसवतो. पण सहा इंची नळीचे तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट असते, हे ध्यानात घ्यावे. वाकणे शक्यतो एकच. सुरकुत्यांची लवचिक नळी ताणून सरळ केलेली असावी. तिचे तोंड गोठ्यात, पोटमाळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उघडू नये, आणि तोंडावर पाली-चिमण्यांना अडवणारी झडप असावी. शेगडीपासून हूडची उंची सव्वादोन ते अडीच फूट ठेवावी. दोन बर्नरला ६० सेंटिमीटर रुंदीची, चार बर्नरला ९० ची घ्यावी. जाळीपेक्षा वाकवलेल्या पत्र्यांची गाळणी आपल्या तेलकट स्वयंपाकाला बरी. ती लवकर बुजत नाही आणि सोड्याच्या गरम पाण्यात धुता येते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्साहून घरी आलात की ती धुवावी, म्हणजे विसर पडणार नाही. तळण जास्त असेल तर पंधरवड्याने. तेल साचलेली गाळणी ज्योतीवर पेट घेऊ शकते.

आणखी एक गोष्ट दुकानात सांगत नाहीत. गॅस गळल्याचा वास आला तर चिमणी मुळीच लावू नये. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वर टांगलेली चिमणी त्याला नीट ओढू शकत नाही आणि बटणाच्या ठिणगीने मात्र भडका उडू शकतो. अशा वेळी कोणतेही बटण न दाबता दारे उघडावीत आणि सिलिंडरची कळ बंद करावी.

लाकडाच्या चुलीवर

आता पडवीकडे वळू. आम्हांला या लेखात खरे सांगायचे आहे ते येथेच.

प्रथम एक निषेध : विजेची चिमणी लाकडाच्या चुलीवर कधीही बसवू नये. ठिणग्या उडतात, आत तेलकट थर असतो, प्लास्टिकचे भाग असतात. शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि धूर काही वीज येईपर्यंत थांबत नाही. चुलीला विजेवाचून चालणारे धुराडेच हवे.

ही कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ च्या सुमारास बिनधुराची चूल रचली आणि तिच्यावरील त्यांचे पुस्तक मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने छापले, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकांना ठाऊक असावी. १९८० नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून 'अस्त्र ओले' ही तीन भांड्यांची चूल निघाली व कर्नाटकात पुष्कळ ठिकाणी बसवली गेली. (ओले म्हणजे कानडीत चूल, हे आपल्या सीमाभागात सांगायला नकोच.) पुढे १९८३ पासून २००२ पर्यंत केंद्र सरकारने सुधारित चुलींची मोठी योजना चालवली. त्या चुली आज फारशा का दिसत नाहीत? त्यांत अंगचा दोष फार नव्हता. त्यांना लाकूड बारीक फोडून लागे, मोठे पातेले तोंडावर बसत नसे, धुराडे काजळीने बुजले की धूर उलटा घरात येई, आणि चिरलेली चूल दुरुस्त करणारा गावात कोणी शिकवलेला नसे. पहिल्या पावसाळ्यातच बाईने जुनी चूल पुन्हा मांडली.

यावरून शिकायचे ते असे, की धुराला वाट देण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांची मापे वेगळी आहेत. पहिला मार्ग बंदिस्त चुलीचा. तिच्यात धूर भांड्यांखालून फिरून मागच्या नळीत शिरतो, म्हणून तीन-चार इंची नळी पुरते. जळण वाचते, पण भांडी तोंडावर घट्ट बसली पाहिजेत आणि नळी वरचेवर साफ झाली पाहिजे. दुसरा मार्ग, चूल आहे तशीच ठेवून तिच्यावर हूड बांधण्याचा. यात जळण वाचत नाही, परंतु बाईला आपली सवय बदलावी लागत नाही. मोठे पातेले, लांब ओंडका, भाजणी सगळे चालते. आम्हांला आपल्या घरांसाठी हा दुसरा मार्ग अधिक टिकाऊ वाटतो. केनियातील मसाई लोकांच्या घरांत १९९८ ते २००१ या काळात असे हूड बसवून मोजमाप केले, तेव्हा घरातील धुराचे कण सुमारे तीन चतुर्थांशांनी घटलेले आढळले.

मात्र हूडची नळी मोठी लागते. चूक होते ती येथेच. हूडला नुसता चुलीचा धूर उचलायचा नसतो, समोरून आत येणारी खोलीतली हवाही सोबत वाहून न्यायची असते. ढोबळ नियम असा, की हूडखाली समोर जेवढे उघडे तोंड राहते त्याच्या निदान एक दशांश धुराड्याचे तोंड असावे. एक अष्टमांश असेल तर अधिक चांगले. उदाहरण घेऊ. चूल भिंतीला लागून आहे, दोन्ही बाजूंना साडेचार इंची विटांच्या आडभिंती घातल्या, मध्ये तीन फूट रुंदी राहिली, आणि हूडची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर आली. समोरचे तोंड झाले साडेसात चौरस फूट, म्हणजे १०८० चौरस इंच. त्याचा दशांश १०८. तेव्हा धुराडे आतून साडेदहा ते अकरा इंच चौरस हवे. आपल्याकडे काय करतात? पाण्याची चार इंची नळी उरलेली असते ती लावतात. तिचे तोंड साडेबारा चौरस इंच, म्हणजे गरजेच्या नवव्या हिश्श्याएवढे. मग धूर हूडच्या कडेखालून बाहेर सांडतो आणि घरधनी म्हणतो, "फादर, हूडबिड काही कामाचे नाही."

आडभिंती का, असे कोणी विचारील. चारी बाजूंनी उघड्या चुलीवर टांगलेल्या हूडला प्रत्येक दिशेचा वारा लागतो. पडवीत दाराचा झोत थेट चुलीवर येत असेल तर उत्तम हूडही हरते. धूपदाणीवरच्या पंख्याची गोष्ट येथे आठवावी. बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला भांड्यात पाहण्यासाठी डोके हूडच्या आत घालावे लागू नये, तेवढीच कड उंच ठेवावी. उभ्याने काम करायचे तर चूल दोन फूट उंच ओट्यावर घेऊन कड साडेचार फुटांवर आणावी. कंबरेच्या दुखण्यालाही ते बरे. हूडचा उतार तीव्र असावा, निदान पंचेचाळीस अंश. आडव्या पत्र्यावर आपटलेला धूर परत खाली येतो.

धुराडे सरळ वर जावे. त्याला वाकण देऊन भिंतीतून बाहेर काढले की ओढ मंदावते. ते छपराच्या आढ्यापेक्षा दोन फूट उंच निघाले पाहिजे. कारण वारा आढ्यावरून घसरून खाली येतो आणि बुटक्या धुराड्यातील धूर मागे ढकलतो. तोंडावर पावसाची टोपी हवी, पण टोपी व तोंड यांत वीतभर मोकळी जागा सोडावी. वाशांपासून आणि रिपांपासून धुराडे वीतभर दूर ठेवावे, आणि छपराला भोक पाडले आहे तेथे पत्र्याची झालर नीट बसवावी, नाहीतर जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस थेट चुलीत उतरेल. विटांचे धुराडे महाग पडते पण ऊब धरून ठेवते, त्यामुळे पावसाळ्यात चांगले ओढते. जस्ती पत्र्याचे स्वस्त असते, लवकर थंड होते आणि काही वर्षांनी गंजते. घरात जुनी अॅस्बेस्टॉस-सिमेंटची नळी पडलेली असेल तर ती कापून वापरू नये. कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, तिने कर्करोगही होतो.

बांधून झाले की परीक्षा सोपी आहे. चूल पेटवून दहा मिनिटे जाऊ द्यावीत. धुराडे तापल्याशिवाय ओढत नाही. मग पेटती उदबत्ती हूडच्या कडेखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. धूर सगळीकडे आत वळला तर काम ठीक झाले. एखाद्या ठिकाणी बाहेर येत असेल तर कडेला तीन-चार इंच पत्र्याची पट्टी लावून तोंड खाली आणावे. बहुतेक दोष एवढ्याने निघतो.

वडीलधारी मंडळी यावर दोन हरकती घेतात, आणि त्या पोकळ नाहीत. धूर गेला तर वाशांना भुंगा लागेल, ही एक. धुराने लाकूड टिकते हे खरेच आहे. पण कोकण-गोव्यात वाशांना काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची जुनी रीत आहे, ती आपल्याला सहज जमेल. ते तेल कातडी भाजते, म्हणून हातांना आधी खोबरेल चोळावे आणि कापड गुंडाळावे. दुसरी हरकत चुलीवर टांगलेल्या वस्तूंची : बियाण्याची मक्याची कणसे, लसणाच्या जुड्या, सुक्या मिरच्या, काही घरांत चोरिसांच्या माळा. चोरिसांसाठी हूडच्या तोंडाशी आतून एक सळई ठेवावी, तेथे त्यांना पूर्वीपेक्षा अधिकच धूर मिळेल. फक्त त्या ज्योतीच्या नेमक्या वर नसाव्यात, चरबी ठिबकून भडका होतो. कणसे उन्हात कडक वाळवून झाकणाच्या पिंपात ठेवली तर कीड लागत नाही. बियाण्यासाठी बाळाची छाती धुरात ठेवणे काही शहाणपणाचे नाही.

गॅस आणि चूल एकाच खोलीत असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. दारे-खिडक्या लावून विजेची चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा सुरू केला की तो हवा कोठून तरी ओढणारच, आणि सर्वांत सोपी वाट धुराड्याची असते. मग चुलीचा धूर आणि निखाऱ्यातला कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात येतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळ, झापड ही त्याची लक्षणे. चूल पेटलेली असताना पंखा बंद ठेवावा, नाहीतर खिडकी पुरी उघडी ठेवावी.

हूडने सगळे साधते असे मात्र समजू नये. ग्वाटेमालाच्या डोंगरी खेड्यांत २००२ पासून जी मोठी चाचणी झाली, तिच्यात धुराड्याची चूल मिळालेल्या घरांत बाळांच्या वाट्याचा धूर सुमारे निम्मा झाला. गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला, पण एकूण न्यूमोनियात निश्चित म्हणावी अशी घट दिसली नाही. अर्धा धूर अजून उरतोच. म्हणून उज्ज्वला योजनेत किंवा एरवी घेतलेला सिलिंडर जितका वापरता येईल तितका वापरावा, बाळ लहान आहे तोपर्यंत तर विशेष, आणि हूड उरलेल्या लाकडासाठी आहे असे धरावे.

जळण वाळलेले असणे हे अर्धे धुराडेच समजा. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाणी उकळण्यात जाते आणि धूर वाढतो. काजूच्या व शेताच्या बांधावरच्या फांद्या माघ-फाल्गुनात तोडून, फोडून, मोकळ्या रचून ठेवाव्यात, आणि मे अखेरीस छपराखाली घ्याव्यात. मनगटापेक्षा जाड ओंडके फोडल्याशिवाय वाळत नाहीत. काजूची टरफले चुलीत घालू नयेत, त्यांचा धूर डोळ्यांना आणि घशाला जाळतो. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा औषधाचे रिकामे पाकीट वापरण्याची खोड मुलांना लागली आहे, ती आजच मोडावी.

धुराड्यातील काजळी महिन्यातून एकदा लांब बांबूला काथ्याचा झुबका बांधून झाडावी. पावसाळ्यात, लाकूड सादळलेले असते तेव्हा, दोनदा. काजळीचा थर जाड झाला की तो धुराड्यातच पेटतो. हूड बांधायचे काम मार्च ते मे या महिन्यांत उरकावे, कारण एकदा पेरणी सुरू झाली की गवंडीही मिळत नाही आणि छपराला भोक पाडण्याचे धाडसही होत नाही. पत्र्याच्या कारागिराकडे जाताना चुलीची रुंदी, बसलेल्या बाईच्या डोळ्यांची उंची आणि आढ्यापर्यंतचे अंतर ही तीन मापे कागदावर लिहून न्यावीत, आणि ती घेताना रोज चूल पेटवणारी बाई घरात हजर असावी.